मांजराचा होतो खेळ

मराठीत एक म्हण आहे, मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव. बलवानाची गंमत आणि दुबळ्याचं मरण, असा तिचा अर्थ शाळेत शिकवतात. मीही मराठीची शिक्षिका म्हणून वीस वर्षं तोच अर्थ फळ्यावर लिहीत आले आहे. पण घरात दीड-दोन महिन्यांचं मांजराचं पिल्लू आलं की या म्हणीचा शब्दशः अर्थही कळू लागतो. त्या पिल्लाला खरोखरच खेळायचं असतं. घरात उंदीर नसतो. मग उंदराची जागा कोणीतरी भरून काढावी लागते. ती बहुतेक वेळा आपल्या पायाचा अंगठा भरून काढतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीच्या कितीतरी घरांतून मला हा एकच प्रश्न आलाय. पिल्लू गोड आहे, मांडीवर झोपतं, पण मध्येच काय होतं कळत नाही. चालता चालता घोट्याला मिठी मारतं, हात पुढे केला की चारही पायांनी धरून चावतं, पडद्याआड दबा धरून बसतं. "बाजी, हे पिसाळलं तर नसेल?" असं कोणी घाबरून विचारतं. कोणी म्हणतं, "जातच बेइमान, कुत्र्यासारखं नाही ते." आणि आठवड्याभरात कळतं की पिल्लू पिशवीत घालून मासळी बाजारात सोडून आले. "तिथे खायला भरपूर मिळतं हो," हे वर. घरात वाढलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाला मासळी बाजारात माशाआधी कुत्री भेटतात, हे सोडून येणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून तर तो मागे वळून पाहत नाही.

आमच्या घरीही गोष्ट त्या पिशवीपर्यंत आली होती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर मिरजेत. खाली अम्मी आणि मी, वरच्या मजल्यावर भाईजान, भाबी आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. मागच्या पावसाळ्यात पाण्याच्या टाकीमागे हे पिल्लू सापडलं. एकटंच होतं. मांजर पिलांना सात घरं फिरवते म्हणतात. त्या फिरवाफिरवीत हे मागे राहिलं की आईलाच काही झालं, कळायला मार्ग नव्हता. दोन दिवस वाट पाहिली, आई आली नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहिले, डोळ्यांचा निळा रंग पाहिला आणि वय पाच आठवड्यांच्या आसपास असेल म्हणून सांगितलं. मादी होती. रंग वाळत घातलेल्या लाल मिरचीसारखा आणि स्वभावही तसाच, म्हणून भाच्याने नाव ठेवलं मिर्ची.

अब्बांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. अम्मी बोलायची, जेवायची, नमाज पढायची. पण एखाद्या घरात दिवा चालू असावा आणि माणूस नसावा, तसं तिचं झालं होतं. मिर्ची आली आणि अम्मीने कितीतरी दिवसांनी स्वतःहून स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी केलं. कोंबडीचा तुकडा बिनमिठाचा उकडून, बोटांनी बारीक करून तिच्यापुढे ठेवला. "छोटी जान है गे," एवढंच म्हणाली.

तीन आठवड्यांत मिर्चीच्या अंगावर मांस आलं आणि अम्मीच्या पायांवर ओरखडे. अम्मीचे गुडघे गेलेत, ती खुर्चीवर बसून नमाज पढते. रुकूसाठी वाकली की दुपट्ट्याचं टोक हलतं, आणि ते हललं की मिर्ची दिवाणाखालून बाणासारखी सुटते. तसबीह फिरवताना मणी हलतात, त्यावर झडप. चपलेतून अंगठा दिसतो, त्यावर झडप. अम्मी एकाहत्तर वर्षांची, पंधरा वर्षांपासून मधुमेह, आणि हृदयात स्टेंट बसवल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू. तिच्या हाताची कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली आहे. आपल्याला जो ओरखडा दोन दिवसांत विसरायला होतो, तो तिच्या अंगावर दहा दिवस ओला राहतो.

एका संध्याकाळी तिच्या पोटरीवर दोन दात चांगले रुतले. भाईजान वरून आले, पाय पाहिला आणि माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "अब्बांचा अंगठा विसरलीस?"

आमच्या घरात या वाक्यापुढे कोणी बोलत नाही. अब्बांनाही मधुमेह होता. चप्पल चावून पायाला झालेली एक छोटीशी जखम चिघळली, आणि शेवटी अंगठा कापावा लागला. भाईजानना मांजराचा राग नव्हता, त्यांना त्या अंगठ्याची भीती होती. "एक महिना देतो," ते म्हणाले. "चावणं बंद झालं नाही, तर मी स्वतः नेऊन सोडणार." अम्मी काही बोलली नाही. पण त्या रात्री तिने जेवण निम्मं ठेवलं.

पुढचं सांगण्याआधी दवाखान्याचं सांगते, कारण आपल्याकडे इथेच हयगय होते. मांजर घरचं असो की दारचं, दात किंवा नख लागलं की पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुणं. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरचीपूड, तेल यातलं काही लावायचं नाही. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो हा समज चुकीचा आहे, मांजरामुळेही तो होऊ शकतो, आणि एकदा लक्षणं दिसू लागली की त्यावर इलाज नाही. रक्त न येता नुसतं खरचटलं असेल तरी लस घ्यावी लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही देतात. कातडीत दिली जाणारी लस आपल्याकडे पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशी चार वेळा असते. शिवाय मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम बाहेरून बारीक दिसते, पण जंतू खोल जातात. मधुमेह असलेल्या माणसाने तर सूज, लाली किंवा ठणका दिसेपर्यंत थांबूच नये. अम्मीला त्याच रात्री नेलं. मिर्चीचीही रेबीजची लस तीन महिन्यांची होताच टोचून घेतली. त्या आधी ती देत नाहीत, म्हणून लहान पिल्लाच्या बाबतीत जास्तच जपायचं.

आता मूळ प्रश्न. पिल्लू असं का करतं?

मांजराचं पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की भावंडांशी कुस्ती खेळू लागतं. आईचं दूध सुटण्याच्या सुमारास त्याचं लक्ष वस्तूंकडे वळतं, म्हणजे पान, दोरा, किडा, जे हलेल ते. साधारण नऊ ते चौदा आठवडे हा त्याच्या दंग्याचा ऐन बहर. हा दंगा म्हणजे शिकारीची तालीम असते. टक लावून पाहणं, पोट जमिनीला लावून सरपटणं, मागचा भाग हलवून अंदाज घेणं, झेप, पकड, मानेला चावा, आणि मागच्या पायांनी ओरबाडणं, हे सगळे टप्पे ठरलेले आहेत. मांजरांच्या वागण्याचा आयुष्यभर अभ्यास केलेले जर्मन शास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन यांनी दाखवून दिलं होतं की मांजरात शिकारीची ओढ आणि पोटाची भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट भरलेलं असलं तरी दबा धरण्याची आणि झेप घेण्याची ओढ शिल्लक राहते. "एवढं खाऊ घालतो, तरी चावतं" या तक्रारीचं उत्तर इथे आहे. खाण्याने पोट भरलं, पंजांचं काय?

मग सगळी पिल्लं सारखीच का चावत नाहीत? कारण किती जोराने चावायचं, हे पिल्लाला भावंडं शिकवतात. एकाने दुसऱ्याला जरा जोरात धरलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईला जास्त जोरात चावलं की ती पंजाने दाबते किंवा उठून जाते. खेळ बंद होणं हीच त्याची शिक्षा. असं दिवसातून पन्नास वेळा झालं की पिल्लाला दातांना लगाम घालता येतो, नखं आत ओढून पंजा मारता येतो. हा मदरसा ज्याला लाभत नाही, ते पिल्लू चावरं होण्याची शक्यता वाढते. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये सुमारे पावणेसहा हजार मांजरांची माहिती तपासली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमक वागणं जास्त आढळलं, आणि पिल्लू चौदा आठवड्यांपर्यंत आईजवळ राहावं अशी शिफारस त्यांनी केली. आपल्याकडे मात्र पिल्लू "डोळे उघडले की" उचलून आणतात, तेही एकच. मिर्ची तर पाच आठवड्यांची, एकुलती. शाळेत गेलीच नव्हती, मग शिस्त कुठून येणार?

राग आणि खेळ यातला फरक ओळखता आला की निम्मी भीती जाते. खेळणारं पिल्लू बहुतेक गप्प असतं. कमरेत वाकून, अंग तिरकं करून, खेकड्यासारखं आडवं उड्या मारत येतं. पाठीवर लोळतं, झेप घेऊन लगेच पळतं आणि पुन्हा येतं. घाबरलेलं किंवा चिडलेलं मांजर फुत्कारतं, गुरगुरतं, कान डोक्याला चपटे लावतं, अंगावरचे केस उभे करतं, कोपरा धरतं. ते खेळात नाही, त्याला वाट मोकळी करून द्यावी. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते. आपण गोंजारत असतो आणि मांजर एकदम चावतं. एकदम हे आपल्याला वाटतं. त्याआधी शेपटीचं टोक आपटू लागलेलं असतं, पाठीची कातडी थरथरलेली असते, कान मागे वळलेले असतात, बुबुळं मोठी झालेली असतात. मांजराने चार वेळा सांगून झालेलं असतं. पाचव्यांदा दाताने सांगतं.

आमच्या घरात नियम लावायचे ठरले तेव्हा पहिली अडचण मांजराची नव्हती, माणसांची होती. भाचा दुपारी शाळेतून आला की मिर्चीशी हाताने कुस्ती खेळायचा. पालथी पाडून पोटावर बोटं नाचवायचा, ती चारही पायांनी हात पकडून चावायची, तो खिदळायचा. त्याच्या हातावर ओरखडे म्हणजे त्याला शौर्यपदकं. दुपारी जो हात खेळणं होता, तोच संध्याकाळी दादीचा हात कसा काय होतो, हे मांजराने कसं ओळखावं? म्हणून पहिला नियम, हात-पाय हे खेळणं नाही. कोणाचेच, कधीच. घरातल्या एकानेही तो मोडला तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

दुसरा नियम, चावलं की हात ओढायचा नाही. शिकार पळते, म्हणून हात पळाला की पिल्लाला तो शिकार वाटतो आणि पकड घट्ट होते. शिवाय ओढण्यानेच कातडी फाटते. हात ढिला सोडायचा, स्थिर ठेवायचा, जमल्यास किंचित त्याच्याच दिशेने ढकलायचा. उंदीर कधी मांजराच्या तोंडात स्वतःहून शिरत नाही, त्यामुळे ते गोंधळून पकड सोडतं. मग एक शब्द, हळू आवाजात. आमच्याकडे तो "बस" आहे. आणि उठून निघून जायचं. अर्धा-एक मिनिट त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. भावंडं जे करतात तेच, खेळ बंद.

तिसरा नियम, मारायचं नाही. नाकावर टिचकी, मानेला धरून उचलणं, तोंडावर पाणी मारणं हे उपाय लोक हौसेने सांगतात. मार खाल्लेलं पिल्लू एवढंच शिकतं की माणसाचा हात आला की दुखतं. उद्या तो हात गोंजारायला आला तरी ते आधी चावेल, आणि ते चावणं खेळातलं नसेल. अम्मीला हे समजावून सांगावं लागलं नाही. पोटरीतून रक्त येत असतानाही ती म्हणाली होती, "मारू नक्को उसकू, उसकू क्या मालूम."

चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा. जे करू नको म्हणायचं, त्याच्या बदल्यात काहीतरी द्यायला हवं. खराट्याच्या लांब काडीला मी जुन्या दुपट्ट्याची पट्टी घट्ट शिवली. जुन्या मोज्यात चिंध्या भरून वीतभर लांब गुंडाळी केली, मिर्चीला मागच्या पायांनी ओरबाडायला. कागदाचे बोळे, खोक्याला पाडलेली भोकं, अंड्यांचा रिकामा ट्रे, यावर खर्च शून्य. पट्टी मांजराच्या तोंडासमोर फडकवायची नाही. उंदीर जसा जाईल तशी न्यायची. दिवाणाच्या पायाआड, थांबत, थरथरत, दूर पळत. आणि शेवटी पकडू द्यायची. हाती काहीच न लागणारा खेळ पिल्लाला जास्त चिडवतो, म्हणूनच लेझरच्या लाल ठिपक्यामागे नुसतं पळवणं बरं नाही. ठिपका वापरलाच, तर शेवटी तो एखाद्या खऱ्या वस्तूवर आणून थांबवावा, आणि डोळ्यांवर कधीच मारू नये.

दोरे मात्र जपून. शिवणाचा दोरा, लोकर, रबरबँड, पतंगाचा मांजा पिल्लाने गिळला तर आतड्यात अडकून आतडं गोळा होतं, आणि जीवावर बेततं. मागच्या बाजूने दोरा बाहेर लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, थेट डॉक्टर गाठायचा. आमची काठीही खेळ संपला की कपाटात जाते.

वेळेचं गणित कळलं तेव्हा मला हसू आलं. मांजर हा पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा प्राणी. अंधार-उजेडाच्या सीमेवर त्याची शिकारीची वेळ असते. म्हणजे नेमकी फजर आणि मगरिब. मिर्ची नमाजाच्या वेळीच अंगावर येते, हिच्यात काही भलतंसलतं आहे, अशी शंका शेजारच्या खालाने बोलून दाखवली होती. भलतंसलतं काही नव्हतं. सूर्याच्या वेळापत्रकाने दोघी चालत होत्या, अम्मीही आणि मिर्चीही. उपाय त्यातूनच निघाला. फजरच्या अजानीआधी दहा मिनिटं खेळ, मग लगेच खाणं. मगरिबच्या आधी पुन्हा तसंच. दमलेलं पिल्लू शिकार करतं, खातं, अंग चाटतं आणि झोपतं. हा क्रम त्याच्या रक्तात आहे. अम्मी जानमाजेसमोरच्या खुर्चीवर बसेपर्यंत मिर्ची मिशा पुसत असायची. सुरुवातीचे काही दिवस अम्मीने जाड मोजे घातले आणि नमाजेपुरतं खोलीचं दारही लावलं. नखांची पुढची टोकं मी दर दोन आठवड्यांनी कापत असे, आतला गुलाबी भाग सोडून.

खेळ खाण्याआधी का, तर भुकेलं मांजर जास्त जोमाने खेळतं. ब्रिटनमधले मांजरांचे अभ्यासक जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं आहे. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की मांजर कंटाळतं, पण थोड्या वेळाने दुसरं दिलं की नव्या उत्साहाने तुटून पडतं. ते दमलेलं नसतं, खेळण्याला विटलेलं असतं. म्हणून आम्ही खेळणी आलटून-पालटून बाहेर काढतो. आणि खेळाने खरंच फरक पडतो का, यालाही उत्तर आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या 2021 मधल्या अभ्यासात, रोज पाच ते दहा मिनिटं खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीचं प्रमाण पंचवीस टक्क्यांनी घटलं. भरपूर मांस असलेला आहार दिला तेव्हा छत्तीस टक्क्यांनी. शिकारीची ओढ खेळात खर्ची पडते, हे यावरून कळतं. ती ओढ पक्ष्यांवर निघते तशी घोट्यांवरही निघते.

आपल्याकडे मांजराचा विषय निघाला की हदीस निघतेच. जिने मांजर कोंडून ठेवलं आणि त्यापायी जिला अजाब झाला, त्या बाईची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. मोठी माणसं ती सांगताना एवढंच सांगतात की तिने मांजराला खायला दिलं नाही. पण त्या हदीसला दुसरा भागही आहे. तिने खायलाही दिलं नाही आणि जमिनीवरचे जीवजंतू मारून खायला मोकळंही सोडलं नाही. या दुसऱ्या भागाशी मी त्या महिन्यात पुष्कळ वेळा थांबले. मांजराला शिकार करायची असते, हा त्याचा स्वभाव तिथे गृहीत धरला आहे. आज आपण मांजराला दोन खोल्यांत ठेवतो. गाड्या, कुत्री, चौथा मजला यामुळे ते योग्यही आहे. वाटीत खाणं घालतो आणि आपला हक्क अदा झाला असं समजतो. पण ज्या मांजराचं बाहेर जाणं आपण बंद केलं, त्याला घरात धावायला, झेप घ्यायला, काहीतरी पकडायला देणं हेही आपल्याच अंगावर येतं. हा माझा विचार आहे, आलिमाचा फतवा नव्हे. पण मला तो पटतो.

"दुसरं पिल्लू आणा, दोघं एकमेकांना शिकवतील," असा सल्लाही मिळाला. सल्ला खरा आहे. बरोबरीच्या वयाची दोन पिल्लं एकमेकांची शाळा होतात आणि आपले घोटे सुटतात. मी भीत भीत भाईजानना विचारलं. ते म्हणाले, "एका मिर्चीने डोळ्यांत पाणी आणलंय, आता पूर्ण ठेचा करायचा का?" तो विषय तिथेच संपला.

महिनाभर मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा केल्या. अम्मीच्या अंगावर नवा ओरखडा दिसला की एक लाल रेघ. पहिल्या आठवड्यात अकरा रेघा झाल्या. दुसऱ्यात नऊ, आणि मला वाटलं आता काही खरं नाही. तिसऱ्यात चार. चौथ्यात एक, तीही ती झोपेत दचकली म्हणून. या सगळ्यात सगळ्यात जास्त मेहनत घेतली अम्मीनेच. तिला वाकता येत नाही, पण खुर्चीत बसून लांब काठी फिरवता येते. काठी तिच्या हातात दिली तेव्हा ती अवघडून एक-दोनदा हलवून थांबली. आठवड्याभरात ती पट्टी दिवाणाखालून अशी काढायची की मिर्ची तर फसायचीच, मीही फसायचे. भाच्याला ती शिकवू लागली, "ऐसा नहीं रे, चूहा ऐसा भागता क्या?" फजरच्या आधी जी बाई भिंतीकडे बघत बसायची, ती आता काठी शोधत उठायची.

महिना संपला त्या दिवशी भाईजान खाली आले. अम्मीचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन, चष्मा वर-खाली करत त्यांनी बोटाबोटांमध्ये पाहिलं. अब्बांचे पाय ते असेच पाहायचे, शेवटच्या वर्षात. काही सापडलं नाही. मिर्ची कपाटावरून त्यांच्याकडे बघत होती. "पाय रोज तपासायचे," ते मला म्हणाले, आणि वर निघून गेले. पिशवीचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी भाचा वरून एक मोठं खोकं घेऊन आला. त्याला तीन भोकं पाडलेली होती, आणि कडा इतक्या नीट कापल्या होत्या की ते काम नऊ वर्षांच्या मुलाचं नव्हतं.

मिर्ची आता वर्षाची झाली आहे. सहा महिन्यांची झाल्यावर ऑपरेशन करून घेतलं. दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत, म्हणजे साधारण साडेतीन ते सहा महिन्यांच्या काळात, ती जे मिळेल ते चावत होती, तोही काळ गेला. अजूनही कधीतरी तिन्हीसांजेला तिच्या डोळ्यांची बुबुळं मोठी होतात, शेपटीचं टोक हलू लागतं, आणि घरातला जो कोणी पहिला पाहील तो काठी उचलतो. ती बदलली असं मी म्हणणार नाही. मांजर मांजरच राहिलं. तिला काय हवं आहे, ते वेळेवर ओळखायला घर शिकलं.

ज्यांच्या घरात आज असं पिल्लू आहे आणि पिशवी दाराशी आहे, त्यांना एवढंच सांगेन की एक महिना द्या. जखमांची काळजी घ्या, दवाखाना टाळू नका, घरातल्या मुलांचे हात आवरा, आणि दिवसातून दोनदा दहा मिनिटं त्या पिल्लाला त्याचा उंदीर द्या. हजरत अबू कतादा यांच्या वजूच्या पाण्याकडे मांजर आलं तेव्हा त्यांनी भांडं तिरकं करून त्याला पाणी पिऊ दिलं होतं, आणि चकित झालेल्या सुनेला पैगंबरांचं म्हणणं सांगितलं होतं, की मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. जे आपल्या अवतीभवती वावरतं, ते आपल्या पायात येणारच. त्यासाठी भांडं थोडं तिरकं आपल्याला करावं लागतं.